रांगेबाहेरचा पुतळा

"बोलू नका साहेब, आकडा चुकतो," सिस्टर म्हणाली.

पण कुलसचिव बोलायलाच आले होते. विद्यापीठाच्या दवाखान्यातली सकाळची गर्दी ओसरली होती. डॉक्टर आतल्या खोलीत चहा घेत होते, आणि बाहेरच्या बाकावर खोकत बसलेला एक विद्यार्थी सोडला तर कोणी नव्हतं. एरवी कुलसचिवांचा रक्तदाब मोजायचा म्हणजे सिस्टरने यंत्र घेऊन त्यांच्या कचेरीत जायचं. आज ते स्वतः दोन जिने उतरून, बाग ओलांडून आले होते आणि कोट काढून, बाही वर सारून स्टुलावर बसले होते.

तिने पट्ट्यातली हवा सोडायला घेतली. ठोके ऐकू यायच्या आतच ते म्हणाले, "तुमच्या मुलीला समजावा."

सिस्टरने कानातली नळी काढली.

कुलसचिव भिंतीकडे बघत बोलत राहिले. पुतळ्यांशी आपलं काही भांडण नाही, कुणाचे हवेत त्यांचे उभारा, असं ते म्हणाले. पण शुक्रवारी पुतळ्यांच्या मागणीवर समितीपुढे सुनावणी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रयोगशाळेला आग लागली त्या दिवशी तिथे हजर असलेला आणि अजून नोकरीत असलेला माणूस एकच उरला होता, तो म्हणजे ते स्वतः. समिती त्यांना उभं करून विचारणार, हे नक्की होतं.

"मी खोटं बोलणार नाही, सिस्टर. ती बाई विद्यार्थ्यांना वाचवायला आत शिरली नव्हती. कशाला शिरली होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलीला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग तिने मागणी मागे घेतलेली बरी. मला तोंड उघडावंच लागणार नाही."

ही धमकी होती की विनवणी, ते तिला कळेना. माणसाचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पुन्हा पट्टा फुगवला, आकडा पाहिला, गोळ्या वेळेवर घेता का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली, कोट चढवला, वरचं बटण खालच्या काजात घातलं आणि तसेच निघून गेले.

हे सगळं सुरू झालं होतं एका चेष्टेतून. मुख्य फाटकापासून ग्रंथालयापर्यंतच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पुतळे होते. संस्थापक, देणगीदार, होऊन गेलेले कुलगुरू, एक सेनापती. सगळे पुरुष, सगळ्यांच्या अंगात लांब कोट, आणि निम्म्यांचं बोट कुठेतरी दाखवत असलेलं. ही सगळी बोटं कँटीनकडे जातात, असं नव्या मुलांना दरवर्षी सांगितलं जाई. यंदा पहिल्या वर्षाची एक मुलगी हसता हसता विचारून बसली, की यांत एकही बाई कशी नाही. मग कुणी विचारलं, परदेशातून येऊन इथली भाषा शिकलेला आणि तिचा शब्दकोश रचणारा तो प्राध्यापक कुठाय. डोळ्यांनी दिसत नसताना गणित शिकवणाऱ्या बाई कुठायत. या इमारती ज्यांनी बांधल्या, झाडल्या, सांभाळल्या, त्यांतलं कोणी का नाही. महिन्याभरात भिंतीभिंतीवर कागद लागले: 'या रांगेत आम्ही कुठे?'

दुसऱ्या बाजूची मुलंही गप्प बसली नाहीत. आमच्या थोरांच्या पंक्तीत कुणालाही बसवाल काय, म्हणून त्यांनी मोर्चा काढला. एका सकाळी संस्थापकांच्या तोंडावर लाल रंग ओतलेला सापडला. तो कुणी ओतला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण दोन्हीकडची मुलं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. सिस्टरने त्या दिवशी एका मुलाच्या भुवईला टाके घातले आणि दुसऱ्याचा ओठ पुसून दिला. दोघं शेजारशेजारच्या खाटांवर पडून एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होते. तेव्हापासून प्रत्येक पुतळ्याखाली एक पहारेकरी बसत होता.

या भानगडीत सिस्टरची लेक सुरुवातीला मागेमागेच होती. घरात तिला ठकी म्हणत, आणि ते नाव कसं कोण जाणे वर्गातही पोचलं होतं. मग कुणीतरी जुन्या प्रयोगशाळेच्या दारावरची पितळी पट्टी वाचली. आगीत मरण पावलेली परिचर, एवढंच त्यावर लिहिलं होतं, आणि खाली नाव. ही आपल्या ठकीची सख्खी आई, हे कळायला वेळ लागला नाही. विद्यापीठात गोष्ट सर्वांना माहीत होती. धुराने भरलेल्या प्रयोगशाळेतून एका साध्या परिचर बाईने दोन विद्यार्थ्यांना ओढून बाहेर काढलं, तिसऱ्यासाठी पुन्हा आत गेली आणि भाजून मेली. मागणीतलं पहिलं नाव तिचं झालं, आणि ठकी आपोआप पुढे आली.

ही गोष्ट अर्धी खरी होती, आणि उरलेली अर्धी सिस्टरजवळ होती.

ती त्या वेळी गावातल्या मोठ्या रुग्णालयात, भाजलेल्यांच्या विभागात कामाला होती. बाईला आणलं तेव्हा चेहऱ्यावर पट्ट्या बांधल्यावर फक्त डोळे आणि ओठ उरले होते. त्या ओठांतून एकच प्रश्न येत होता. ठकी सापडली का? ठकी कोण, कुठली, सिस्टरला काहीच ठाऊक नव्हतं. "सापडली. बाहेर झोपलीय," असं ती बेधडक बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो या धास्तीने धावतच व्हरांड्यात आली. तिथे बाईचा नवरा, विद्यापीठाच्या बसचा ड्रायव्हर, बाकावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर तीनेक वर्षांची पोर खरंच झोपली होती. सिस्टर परत आत गेली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. या वेळी बाईने डोळे मिटले.

पोर त्या दिवशी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून आईने तिला गुपचूप कामावर नेऊन कोपऱ्यातल्या टेबलाखाली बसवलं होतं. प्रयोगशाळेत मूल आणायची सक्त मनाई होती. आग लागली तेव्हा आई बादली भरायला बाहेर गेलेली. कुणीतरी पोरीला उचलून मागच्या दाराने बाहेर नेलं होतं, आणि आईला ते माहीत नव्हतं. ती पुढच्या दाराने आत शिरली ती आपलं मूल शोधायला.

बाई गेली. ड्रायव्हरने पुढे सिस्टरशी लग्न केलं, ते त्या पोरीपायीच. सिस्टर तिला बघायला म्हणून येत राहिली आणि एक दिवस परत गेलीच नाही, असं तो हसून सांगायचा. पोरीला काय सांगायचं, यावर दोघांचं एकदाच बोलणं झालं. "लेकराच्या डोक्यावर ओझं नको," तो म्हणाला होता. तेवढ्यात विद्यापीठाने आपली गोष्ट रचलीही होती, आणि ती ऐकायला चांगली होती. दोघांनी ती तशीच राहू दिली. आता ड्रायव्हर जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि ते ओझं एकट्या सिस्टरच्या डोक्यावर होतं.

कुलसचिव येऊन गेले त्या दिवशी दुपारी सिस्टर दवाखान्यातून थेट कलाशाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावला होता. आदल्या आठवड्यात कुणीतरी दगड मारला होता. आत लांब मानेचा, सगळे ज्याला उंट म्हणत तो मुलगा शिडीवर चढून मातीला हात घालत होता. सुनावणीत दाखवायला त्याने पुतळ्याचा मातीचा नमुना केला होता. बाईचा एक पाय पुढे, खांद्यावर बेशुद्ध विद्यार्थी, नजर ताठ समोर. ठकी खाली उभी राहून ओली फडकी पिळून त्याला देत होती.

"कशी वाटते, माई?" तिने विचारलं.

चांगली आहे, असं सिस्टर म्हणाली. मातीची बाई खरंच चांगली होती, कुठल्याही सेनापतीशेजारी शोभली असती.

उंट पाणी आणायला गेला तशी ठकी फडकं पिळता पिळता थांबली. "तुला एक सांगू? लहानपणी मला हिचा राग यायचा. दुसऱ्यांच्या मुलांसाठी आत गेली, ते ठीक. पण दारात पाय ठेवताना तिला मी आठवले नसेन का? घरी एक पोर आहे, आपण गेलो तर तिचं काय होईल, असं एकदाही वाटलं नसेल?" मग स्वतःच मान झटकली. "आता नाही येत राग. तिचा पुतळा झाला, की तोही विषय संपेल बहुतेक."

सिस्टरने तिच्या हातातलं फडकं घेऊन पिळलं. उंट बादली घेऊन आला, आणि ती घरी लवकर ये एवढंच सांगून निघाली.

वाटेत तिने सगळं ठरवून टाकलं. रस्ता एकच होता आणि तो सोपा होता. कुलसचिवांचं नाव काढायचं नाही, आगीचं काढायचं नाही. फक्त म्हणायचं, मला सहन होत नाही. सवतीचा पुतळा रोज डोळ्यांपुढे नको, असं एखादी दुसरी बायको म्हणाली तर कुणाला नवल वाटणार? सगळ्यांना पटलं असतं. चार लोक हसले असते, ठकी काही दिवस बोलली नसती, पण शुक्रवारी कुणाला काही सांगावं लागलं नसतं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं, हे तिलाच ठाऊक होतं. घरात त्या बाईचा फोटो होता, तिच्या हातची विणलेली उशी होती, आणि नवरा झोपेत कधीकधी तिला हाक मारायचा. सिस्टरने ते कुणाला दाखवलं नव्हतं, इतकंच.

संध्याकाळी ठकी आली, हातपाय धुऊन टेबलाशी बसली. सिस्टरने तिच्यापुढे गरम सूप ठेवलं, पाव कापला, आणि ठरवलेलं बोलून टाकलं. तिची पाठ ठकीकडे होती. रोज कामावर जाताना तो पुतळा बघायला लागेल, मला ते जमायचं नाही, असं ती ओट्याकडे बघत म्हणाली.

मागून खुर्ची सरकली. ठकी येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण रागाने नव्हे.

"आधी का नाही बोललीस? मी तुला एकदाही विचारलं नाही. सगळ्यांना विचारत सुटले, तुलाच नाही. उद्या सांगते सगळ्यांना. दुसरं नाव घेऊ. त्या गणिताच्या बाईंचं घेऊ. तू नको मनाला लावून घेऊ."

इतक्या सहज. सिस्टरने भांडणाची तयारी केली होती, आणि पोरगी काही न मागता सगळं सोडायला निघाली होती. ज्यासाठी दोन महिने उपाशीतापाशी धरणं धरलं, शिव्या खाल्ल्या, ते तिने माईच्या एका वाक्यासाठी टाकून दिलं. सिस्टरने हातातली सुरी खाली ठेवली. या मुलीशी खोटं बोलून तिला वाचवायचं, म्हणजे तिला जन्मभर त्या दुपारच्या प्रश्नात ठेवायचं. दारात पाय ठेवताना मी आठवले नसेन का?

"बस," ती म्हणाली. "मी आत्ता बोलले ते खरं नाही. खरं वेगळंच आहे."

तिने सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट एवढीशीच निघाली. टेबलाखाली बसवलेली पोर, बादली, धूर, पुढचं दार. रुग्णालयातला तो एकच प्रश्न. कुलसचिव सकाळी काय बोलून गेले, तेही.

ठकीने सगळं ऐकून घेतलं. सूप तसंच निवलं. मग तिने विचारलं, "तेव्हा मी कुठे होते?"

"मागच्या बागेत. हौदाच्या कठड्यावर बसवलं होतं तुला. पाण्यात हात घालून खेळत होतीस, असं तुझे बाबा सांगायचे."

"खेळत होते."

"तीन वर्षांची होतीस, ठके."

ती उठली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. सिस्टर दारात उभी राहिली. जवळ जावं की नाही, कळेना. अंधार पडत आला तशी ठकी न वळता म्हणाली, "म्हणजे तिला फक्त मीच आठवले होते." तिचा आवाज असा होता, की हे सुख म्हणून बोलतेय की शिक्षा म्हणून, ते सिस्टरला सांगता आलं नसतं. ती जाऊन शेजारी बसली. पुढचे दोन दिवस ठकी घरात वावरली, जेवली, पण बोलली नाही. शुक्रवारी सकाळी तिने स्वतःचे केस घट्ट बांधले आणि म्हणाली, "चल. तूही ये."

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला पुतळा मागणारे, दुसऱ्या बाजूला विरोध करणारे, मधल्या वाटेवर पहारेकरी. मंचावर समितीचे लोक, अध्यक्षपदी एक निवृत्त न्यायाधीश. कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा नमुना. सिस्टर मागच्या रांगेत बसली. तिथून तिला कुलसचिवांची मान दिसत होती, कॉलरवर घामाची रेघ दिसत होती.

अध्यक्षांनी कुलसचिवांचं नाव पुकारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ठकी उभी राहिली. त्यांच्याआधी मला बोलायचंय, असं म्हणाली. अध्यक्षांनी क्षणभर विचार करून परवानगी दिली.

ती एकदाही अडखळली नाही. आपण सगळे सांगत होतो ती गोष्ट पूर्ण नाही, ती म्हणाली. माझी आई विद्यार्थ्यांसाठी आत गेली नव्हती. त्या दिवशी मला ठेवायला जागा नव्हती म्हणून तिने मला चोरून कामावर आणलं होतं, आणि ती आत गेली ती मला शोधायला. मी सापडणार नव्हते, कारण मी आत नव्हतेच.

सभागृहात कुजबुज उठली. तिच्या बाजूची मुलं एकमेकांकडे बघू लागली. समोरच्या बाजूने कुणीतरी हसलं आणि म्हणालं, म्हणजे नियम मोडणारीचा पुतळा उभारायचा म्हणा. टाळ्या पडल्या. उंटाने मुठी आवळल्या. पहारेकरी दोन पावलं पुढे सरकले.

ठकी बसली नाही. "मला कुणीतरी बाहेर आणलं," ती म्हणाली. "कुणी, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा. मला त्यांचे आभार मानायचेत."

अध्यक्षांनी कागदावरून मान वर केली. आणि मग सिस्टरने पाहिलं, ती कॉलर, ती मान हळूहळू वर उचलली जातेय.

"मी," कुलसचिव म्हणाले.

ते मंचाकडे तोंड करून उभे होते, पण बोलत होते ठकीशी. मी तेव्हा नवा होतो, ते म्हणाले, नुकता शिकवायला लागलो होतो. धूर दिसला, टेबलाखाली पोर दिसली, ती उचलली आणि मागच्या दाराने निघालो. हौदाच्या कठड्यावर तिला बसवलं. एवढ्यावर ते थांबले. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"पुढच्या बाजूने तिची आई हाका मारत होती. मला ऐकू येत होतं. मला वाटलं, आधी जरा श्वास घेऊ, मग इमारतीला वळसा घालून सांगू. मी श्वास घेतला. वळसा घालून गेलो तेव्हा ती आत शिरली होती."

आता हसणाऱ्यांतलं कोणी हसलं नाही.

"दोन विद्यार्थ्यांचं म्हणाल, तर तेही खरं आहे," ते पुढे म्हणाले. "मुलीला शोधताना ते तिला वाटेत सापडले. तिला त्यांना ओलांडून पुढे जाता आलं असतं. स्वतःची सापडलेली नव्हती, आणि तिने दोन वेळा दुसऱ्यांची उचलून बाहेर आणून ठेवली. मी हे आजवर बोललो नाही. कारण ते बोललो असतो, तर उरलेलंही बोलावं लागलं असतं."

ते खाली बसले. ठकी जागची हलली नाही. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. ती काहीतरी जबर बोलेल अशी तिच्या बाजूच्या मुलांची अपेक्षा असावी. सिस्टरलाही आतून वाटत होतं, की तिने बोलावं, त्या माणसाला फाडून खावं. ते तिला स्वतःलाच करावंसं वाटत होतं. एवढी वर्षं ती या माणसाच्या दंडाला पट्टा बांधत आली होती.

"मला बाहेर आणलंत, त्याबद्दल आभारी आहे," ठकी म्हणाली आणि बसली.

समितीने पंधरवड्याने निकाल दिला. मुख्य रस्त्यावरच्या रांगेत जागा देता येत नाही. मात्र जुन्या प्रयोगशाळेच्या मागच्या बागेत पुतळा उभारायला हरकत नाही. बाकीच्या नावांचा विचार पुढच्या वर्षी करू. सुनावणीनंतर मुलांनी मागण्यांत आणखी एक वाढवली होती, की कामावरच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर काढा. तीही विचाराधीन ठेवली. यावरून मुलांच्यात जोराचं भांडण झालं. मागच्या दाराने मिळालेली जागा घेऊच नये, असं निम्म्यांचं म्हणणं पडलं. शेवटी त्यांनी ठकीला विचारलं.

"घ्या," ती म्हणाली. "त्या कोटवाल्यांच्यात उभं राहून तिला काय करायचंय. ती बाग तरी तिने पाहिलेली होती."

उंटाने मातीचा नमुना मोडला. खांद्यावरचा विद्यार्थी गेला, पुढे टाकलेला पाय गेला. नवी बाई अंगात कामाचा झगा घालून नुसती उभी होती, मान वळवलेली, एक हात तोंडाशी, हाक मारताना धरतात तसा. पितळी पट्टीवर काय लिहायचं, यावर पुष्कळ खल झाला आणि अखेर नुसतं नाव आणि हुद्दा लिहिला. बसवायच्या दिवशी भाषणं झाली नाहीत. कुलसचिव आले नाहीत. ते त्या महिन्यात दवाखान्यातही आले नाहीत, तेव्हा सिस्टर पुन्हा पूर्वीसारखी यंत्र घेऊन त्यांच्या कचेरीत गेली. तिने पट्टा बांधला, आकडा पाहिला, तो थोडा उतरला होता, तसं सांगितलं.

परीक्षा झाल्यावर ठकीला दूरच्या गावी नोकरी लागली. जायच्या दिवशी ती सकाळीच एकटी बागेत जाऊन आली. काय केलंस, हे सिस्टरने विचारलं नाही. बस सुटली तेव्हा खिडकीतून हात हलवता हलवता ती ओरडून काहीतरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, आणि सिस्टरने कळल्यासारखी मान हलवली.

त्यानंतर सिस्टर कामावर जाताना मागच्या बागेतूनच जाऊ लागली. वाट थोडी लांबची होती.

एका सकाळी पुतळ्याच्या चौथऱ्यावर एक लहान पोर बसलेली दिसली. दोन-तीन वर्षांची असेल, पायांत नुसते मोजे, हातात पावाचा तुकडा. प्रयोगशाळेत नव्याने लागलेली झाडूवाली दारातून घाईघाईने बाहेर आली. सिस्टरचा पांढरा गणवेश पाहून ती दचकली आणि हात जोडल्यासारखं करत म्हणाली, की आज घरी कोणी नाही, तेवढे दोन मजले झाडून आलेच, वर घेऊन गेले तर साहेब रागावतात.

"हिला सांगितलंय मी, इथनं हलायचं नाही म्हणून. गुणाची आहे, बसते."

जा तू, असं सिस्टरने तिला हाताने खुणावलं. बाई मागे बघत बघत आत गेली.

दवाखाना उघडायची वेळ होऊन गेली होती. दारात माणसं ताटकळली असतील, डॉक्टर कुरकुरत असतील. सिस्टरने पिशवी खाली ठेवली. पोरीने तिच्याकडे एकदा पाहिलं, पावाचा घास गिळला, आणि काही न बोलता थोडी सरकून तिला बसायला जागा करून दिली.